कुटुंबप्रमुखाचं नाव सांगा

दवाखान्यात काम करणाऱ्याकडे किस्से नसतील तर खुशाल समजावं, की तो हजेरी लावून घरी जातो! माझ्याकडे चार वर्षांत इतके साठलेत, की संध्याकाळी भाजी निवडताना मी एखादा सुरू केला की आमचे हे आधी विचारतात, "नवा आहे, का मागच्या आठवड्यातलाच?" नवा असला तर टीव्हीचा आवाज बारीक करतात. जुना असला तरी ऐकतात बिचारे.

तर मी नांदेडमधल्या एका वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. योजना साधी आहे. वस्तीतल्या प्रत्येक घरानं एकदा यायचं, अख्ख्या कुटुंबाची नावं लिहायची, अंगठे द्यायचे. मग त्या घराला कायमचा एक डॉक्टर. खोकला असो नाहीतर शुगर, फाइल एकच. मोठ्या दवाखान्यात फुकट ऑपरेशन करायचं असलं तर चिठ्ठीसुद्धा इथूनच.

आमच्या डॉक्टर मॅडम लातूरकडच्या. पेशंटवर ओरडायचं असलं तरी आधी "जेवलाव का?" विचारतात आणि मग ओरडतात. सुईला सिस्टर, कम्प्युटरला मी. मी बिलोली तालुक्यातली, त्यामुळे ओरडण्यात मीही कमी नाही.

हां, एक माणूस राहिला. गंगाधरमामा! जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली आणि आता घरी बसलेत. घरी म्हणजे आमच्या बाकावर. सकाळी कुलूप उघडायला मी जाते तेव्हा हे आधीच हजर. कुणाला कोणता कागद लागतो ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. अर्धी वस्ती त्यांनी हाताला धरून आणली आणि नोंदवली. फक्त स्वतःचं नाव काही लिहू देत नव्हते. आणि शुगर वस्तीत सगळ्यात जास्त कुणाची? त्यांचीच! त्यात डाव्या पायाच्या बोटाला जखम. मॅडम ड्रेसिंग करायच्या, गोळ्या द्यायच्या. पण पाय मोठ्या दवाखान्यात दाखवायचा तर नोंद पाहिजे.

"मामा, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही आणि मामी. लिहू का?"

"दोघायचंच न्हाई लिहायचं. रेशन कार्डात पाच नावं हायत. पाची लिहा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

उरलेली तीन नावं म्हणजे मुलगा बालाजी, सून आणि नात. दोन वर्षांपूर्वी बापलेकांचं भांडण झालं आणि बालाजी बायको-पोरीला घेऊन लातूरला गेला. फोन नाही की येणं नाही. आमच्याकडे रेशन कार्डातून नाव कमी केलं, की घर फुटल्याचा शिक्का बसला. मामांनी तो शिक्का बसू दिला नव्हता. जुनं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचे, माझ्या हातात कधी द्यायचे नाहीत. आणि जो माणूस इथे राहत नाही त्याचं नाव मी लिहू शकत नव्हते. नियम म्हणजे नियम!

"नाव कमी झालं की माणूस कमी झालं, बाई," एवढं बोलून मामा पुढच्या पेशंटचे कागद बघायला लागायचे.

*

आमची अर्धी वस्ती एक जानेवारीला जन्मलेली आहे आणि उरलेली एक जूनला! खरी तारीख कुणाला माहीत? आधार काढणाऱ्यानं टाकली ती तारीख.

कम्प्युटर मात्र शिस्तीचा. एक जानेवारीला सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर दवाखान्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या. कुणी नीट वाचल्या नाहीत. दवाखान्याचा मेसेज आलाय म्हणजे बोलावलंय! दहा वाजता येऊन बघते तर रस्त्यापर्यंत म्हातारे-म्हाताऱ्या रांगेत उभे.

मॅडम म्हणाल्या, "आलेत तर जाऊ देऊ नका एकालाबी." सिस्टरनं मशीन काढलं आणि दुपारपर्यंत वाढदिवस असलेल्या सगळ्यांची शुगर तपासली. सरूआजींचा नंबर आला तेव्हा त्यांना कुणीतरी मेसेजचा खरा अर्थ सांगितला होता. त्या भडकल्याच!

"वाढदिवस माहा, अन् मलाच कामून टोचूलालाव?"

"चुकलं आजी. पुढच्या वर्षी पेढे देते," मॅडम म्हणाल्या आणि अर्थातच विसरल्या.

पुढच्या एक जानेवारीला आजी स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. "तुमच्यानं व्हायचं न्हाई म्हणून म्याच आणले!"

सगळ्यांना वाटून झाल्यावर सिस्टरनं त्यांचं बोट धरलं. शुगर तीनशेच्या वर. येतानाच चार खाल्ले होते!

*

फॉर्ममध्ये पहिली चौकट कुटुंबप्रमुखाची. एकदा तीन भाऊ, तीन बायका, पोरंबाळं आणि म्हातारी आई असा टेंपो भरून आला. मी विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव सांगा."

तिघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा म्हणाला, "रेणुकामाता. मुक्काम माहूर."

"अहो, माणसाचं नाव सांगा!"

"टेंपो देवीच्या नावानं, दुकान देवीच्या नावानं. मंग हितंच कामून दुसऱ्याचं?"

"अंगठा कोण देणार?"

 यावर मात्र तो हळूच टेबलावर वाकून म्हणाला, "ताई, तिघातल्या कुणाचं बी लिवलं तर सांजच्याला तीन चुली व्हतील बगा."

सिस्टरनं मागे कोपऱ्यात बसलेल्या आईला हाताला धरून पुढे आणलं. "ह्यांचं लिहा. भांडण मिटलं." म्हातारी आधी नको नको म्हणाली. तिच्या नावावर आजवर काही म्हणजे काही नव्हतं. मी नाव टाइप केलं, अंगठा घेतला, आणि "आजपासून तुम्ही प्रमुख" असं सांगितलं.

म्हातारीनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिघांकडे वळली आणि म्हणाली, "तंबाखूच्या पुड्या काढा. तिघं बी. ठिवा हितं टेबलावर!"

निमूटपणे चार पुड्या आल्या. थोरल्याच्याच दोन निघाल्या!

*

दोन जावा दर महिन्याला बीपी तपासायला एकत्र येतात. थोरलीचं एकशे सत्तर, धाकटीचं एकशे चाळीस. एकदा धाकटी माझ्या टेबलाशी येऊन रुसून उभी राहिली.

"तिला दोन गोळ्या अन् मला एकच कामून?"

मी समजावणार, तेवढ्यात मागून थोरली म्हणाली, "मी थोरली हाय!"

*

फॅमिली डॉक्टर म्हटलं की आमच्या लोकांना वाटतं, डॉक्टर आता फॅमिलीतच आले. वास्तुशांतीचं आमंत्रण, बारशाचं आमंत्रण, भावकीच्या भांडणात मध्यस्थी, सगळं मॅडमच्या वाट्याला. एक दिवस एक गृहस्थ एका तरण्याबांड मुलाला घेऊन आले.

"काय होतंय ह्याला?" मॅडमनी विचारलं.

"काय बी न्हाई. आमच्या पोरीसाठी स्थळ हाय. शुगर, बीपी, समदं बगून घ्या. तुम्ही आमच्या घरच्या, तुमच्याशिवाय कोण खरं सांगणार?"

तेवढ्यात मुलाचे वडील आत शिरले. "आमची बी फॅमिली हितंच नोंदलीय! मॅडम आमच्या बी घरच्या हायत."

मॅडम म्हणाल्या, "माझ्या पेशंटचं मी त्याला विचारल्याशिवाय कुणालाच सांगत नसते." मुलगा लाजत म्हणाला, "सांगा की मॅडम." सगळं नॉर्मल निघालं. दोन्ही व्याही खूश. मॅडमनी विचारलं, "अन् मुलीला कुणी विचारलंय का?"

मुलगी दाराशीच उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, त्यायचे डोळे बी तपासा. अर्धा तास झाला, एकदा बी माह्याकडं बगितलं न्हाई!"

तपासले. डोळेही नॉर्मल! आता त्या दोघांचं तिसरं कुटुंब माझ्याकडे नोंदलेलं आहे.

*

मागच्या पावसाळ्यात मॅडमच तापानं आडव्या झाल्या. दवाखान्यामागच्या गल्लीत त्यांची भाड्याची खोली आहे, एकट्याच राहतात. बातमी बाकावर पोचायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मामांनी पाय ओढत घरोघर जाऊन सांगितलं. दुपारपर्यंत खोलीत ज्वारीच्या कण्या, पातळ वरण आणि तीन प्रकारचे काढे जमा झाले. मॅडमनी रोज शंभर जणांना सांगितलेलं सगळं त्यांनाच परत ऐकावं लागलं. "पाणी पिलाव का? गोळी उपाशीपोटी घेऊ नगा!"

सरूआजींनी मला विचारलं, "मॅडमची नोंद कंच्या दवाखान्यात हाय गं?"

मी दवाखान्यात जाऊन कम्प्युटरवर बघून आले. कुठेच नव्हती! हजारो नावं आम्ही लिहिली आणि आमच्याच डॉक्टरला डॉक्टर नव्हता.

"मंग आमच्यात घाला," आजी म्हणाल्या. "एकटीचं कुटुंब आसतंय व्हय?"

"तुमच्यात आधीच अकरा हायत. आमच्यात घाला!" तिकडून त्या थोरल्या जाऊबाई.

चांगलीच जुंपली. शेवटी मी म्हटलं, "अहो, कम्प्युटर घेणार नाही. आडनाव वेगळं आहे!"

"लेकीचं आडनाव वेगळंच आसतंय की!" आजी म्हणाल्या.

मॅडम भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तापानं डोळ्यांतून पाणी येतंय म्हणाल्या. खरं सांगते, ही नोकरी मी घराजवळ आहे म्हणून धरली होती. त्या दिवशी खोलीच्या दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला आणि वाटलं, आपलं नशीब थोर म्हणून आपण इथे बसलो. या माणसांचे उपकार मी कधी फेडीन असं मला वाटत नाही.

*

आणि हा मामांचा.

एकदा मामा दोन दिवस बाकावर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामी त्यांना ऑटोत घालून घेऊन आल्या. सिस्टरनं पट्टी सोडली आणि मॅडमना हाक मारली. बोट काळं पडलं होतं.

मॅडमनी त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही. "मामा, आठ दिवसांत ऑपरेशन झालं तर एक बोट जाईल. न्हाई झालं तर पाय जाईल. मला चिठ्ठी लिहायची आहे. बोला!"

मामांनी कार्डाच्या खिशावर हात ठेवला. मामी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "लिहू द्या आता. पाय ऱ्हायला तर लेकाकडं चालत जाताल."

 मग मामांनी खिशातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. कार्ड पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं.

"लिहा बाई. दोघंच लिहा."

मोंढ्यात दोन दोन पोती पाठीवर घेणारा हा माणूस. ते चार शब्द बोलताना त्याला दम लागला.  मी कार्डाचा नंबर टाकला.

स्क्रीनवर लाल पट्टी आली. "या कार्डावरील कुटुंबाची नोंद आधीच झालेली आहे."

मला वाटलं, नंबर चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा तीच पट्टी. मी नोंद उघडली. केंद्र लातूरचं. तारीख दोन वर्षांपूर्वीची, बालाजी गेला त्याच्या पुढच्याच महिन्यातली. नावं पाच. तिघांचे अंगठे झालेले, दोघांचे बाकी. मी जो नियम धरून बसले होते, तो तिथे कुणीतरी बाजूला ठेवला होता.

"काय झालं गं?" मामींनी विचारलं.

मी वाचायला लागले. "कुटुंबप्रमुख..." आणि पुढे माझ्याच्यानं वाचवेना. मॅडमनी स्क्रीन स्वतःकडे वळवला.

"कुटुंबप्रमुख, गंगाधर मारोती," त्यांनी वाचलं. "मग मामींचं नाव. मग बालाजी, त्याची बायको आणि पोरगी."

"पुन्यांदा वाचा," मामा म्हणाले.

मॅडमनी पुन्हा वाचलं. पाचही नावं, हळूहळू. सिस्टर पट्टीची गुंडाळी हातात धरून तशीच उभी होती.

मग मॅडमनी पेन उचललं. "मामा, काही अडचण नाही. नोंद तिथून इथे बदलून घेता येते. बाई दोन मिनिटांत करतील. इथल्याच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते, उद्या सकाळी ॲडमिट व्हा."

मामांनी माझ्या हातातून कार्ड परत घेतलं. पिशवीत घातलं, पिशवी खिशात ठेवली. मामींच्या खांद्याला धरून उभे राहिले.

"नगा बदलू. चिठ्ठी लातूरची द्या, मॅडम. आमचे अंगठे तिथं बाकी हायत."