मुंग्यांचा वाटा

साखर तोलून झाली की तराजूच्या पारड्याला चिकटलेले दाणे आप्पा बोटाने गोळा करायचे, उंबऱ्याबाहेर टाकायचे आणि म्हणायचे, "ही त्यांची." त्यांची म्हणजे मुंग्यांची. असा एखादा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. माझ्या नशिबी तो शेजारी होता.

लातूरच्या बाजारात त्यांचं किराणा आणि माझं साड्यांचं दुकान, मधे एकच भिंत. पुण्य त्यांना आणि मुंग्या मला, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

माझ्या दुकानात दाराशी मोठ्या कुंडीत रबराचं झाड आहे. हातगाडीवर परकर विकत होते तेव्हा लावलेली फांदी, आता छताला टेकली आहे. त्या कुंडीत मुंग्यांनी घर केलं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या नवरीच्या आईला कडकडून चावल्या, आणि सगळी मंडळी समोरच्या दुकानात गेली. मी विषारी पावडर आणली. आप्पांना ऐकू जाईल असा डबा आदळला.

कपाळावर भस्म लावलेले आप्पा आले. "ताई, मारू नका. सोमवार हाय."

"मंगळवारी मारते."

"मंगळवारी बी जीवच असतोय त्यांना."

"एवढी माया आहे तर तुमच्या गल्ल्यात न्या!"

"न्हेतो की. झाड तुमचं, मुंग्या माझ्या. पन इष न्हाई घालायचं. कबूल?"

"दुकान बंद व्हायच्या आत. उरल्या तर पावडर."

आप्पांनी हमालांकडून कुंडी मागच्या अंगणात नेली, टबात ठेवली आणि काठोकाठ पाणी भरलं. कुंडीच्या काठावरून एक काठी बाहेरच्या मडक्यात टेकवली. मडक्यात कोरडी माती आणि गुळाचा खडा. कुंडीच्या मातीत ओल वर चढू लागली तशा मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून काठीवरून निघाल्या.

"चला माय, सावकाश," आप्पा स्टुलावर बसून त्यांना म्हणत होते. मग झाडाचं पान उलटून मला दाखवलं. "बघा, चिकट हाय. हे पांढरे किडे. त्यांचा गोडवा खायाला मुंग्या येत्यात. माझी साखर उगंच बदनाम करायलात तुम्ही!"

मला जास्तच राग आला. त्याच रागात साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसून काढलं. आप्पा मडकं पोटाशी धरून बाजारामागच्या लिंबाखाली ठेवून आले. झाड वाचलं.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा वारले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलवाला बसतो. तिथे सांडायला साखरच नाही.

मुंग्या माझ्या, असं कबूल करून माणूस खुशाल निघून गेला, हा राग माझ्या मनात आहे. पावडरचा डबा मी अजून फोडलेला नाही. रोज शटर उघडण्याआधी लिंबाच्या बुंध्याशी मूठभर साखर टाकते. सौदा त्यांनी अर्ध्यावर सोडला. मी सोडणार नाही.