कप्तानचा चांगला गुडघा

आमची कप्तान जगात एकाच गोष्टीबद्दल खोटं बोलायची, आणि ती गोष्ट म्हणजे तिचं स्वतःचं शरीर. बाकी व्यवहार चोख. ग्रंथालयाचं पुस्तक भिजलं तर भिजलं म्हणून सांगायची. कबड्डी खेळताना समोरच्या पोरीचं बोट लागलं तर पंचांनी शिट्टी वाजवायच्या आत स्वतः हात वर करून बाहेर जायची. पण ताप आलाय का, पाय दुखतोय का, सकाळपासून काही खाल्लंस का, यातलं काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "काहीच नाही झालं मॅडम, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राह्यल्या?" तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला कप्तानच म्हणत.

मी बाभुळगावच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. कबड्डीशी माझा संबंध नियमामुळे आला. मुलींचा संघ बाहेरगावी गेला की सोबत एक महिला कर्मचारी लागते, आणि त्या वर्षी सगळ्या प्राध्यापक बाईंना नेमक्या त्याच आठवड्यात पेपर तपासायचे होते. खेळ मला कळत नव्हता. बस किती वाजता सुटते, बारा मुलींना किती चादरी लागतात आणि ओळखपत्रं कोणत्या कप्प्यात ठेवायची हे मला कळत होतं. आमचे फिजिकल सर म्हणाले, तेवढं पुरे आहे, बाकी कप्तान पाहून घेते. सरांचं हे वाक्य मी पुढे बरंच ऐकलं. तेही कप्तानला थोडे घाबरूनच होते.

तिला सगळं जग मैदानासारखं दिसायचं. बसमध्ये मुली कशाही बसलेल्या तिला चालत नसत. डावा कोपरा सांभाळणारी डावीकडच्या खिडकीशी, उजवा कोपरा उजवीकडे, मधल्या मधे. कारण विचारलं तर म्हणायची, शेजारी कोण आहे याची सवय झोपेतही राहिली पाहिजे. मला तिनं उजव्या बाजूला, पकड घट्ट धरणारी खेळाडू उभी राहते त्या आतल्या जागेवर बसवलं. मी म्हटलं, मी कुठे खेळते? तर म्हणाली, "तुम्ही पकड सोडत नाही ना, मॅडम. मांगच्या वर्षीचं पुस्तक माह्याकडून हॉस्टेलात येऊन नेलं होतं तुम्ही."

स्पर्धेच्या आठ दिवस आधी सरावात ती चढाईहून परत येताना पडली. पडताना वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला. तो मी ग्रंथालयाच्या खिडकीतून ऐकला आणि खाली धावले. कप्तान उठून कपडे झटकत होती. आवाज कसला, असं सरांनी विचारलं, तर म्हणाली, कोणाची तरी चप्पल तुटली असेल. मैदानात सगळ्या अनवाणी होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला यवतमाळच्या हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळी येऊन तिनं निरोप दिला की डॉक्टर म्हणतात, आराम करत करत खेळा. असा सल्ला मी आयुष्यात ऐकला नव्हता. कागद मागितला तर तो म्हणे एसटीत राहिला. मी वहीत लिहिलं, 'डॉक्टरांचा कागद: बाकी'. लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. वहीत लिहिलं की काम निम्मं झालं असं वाटण्याची मला सवय आहे, आणि ती चांगली सवय नाही.

तिसऱ्या दिवसापासून तिच्या उजव्या गुडघ्यावर जाड क्रेप बँडेज दिसू लागलं, वर नी-कॅप. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं एकदाचं दुखणं कबूल तरी केलं.

स्पर्धा पुसदला होती. वाटेत बोरी अरबला बस दोन मिनिटं थांबते, तिथे तिची आई उभी होती. गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई, त्यामुळे कमी माणसांचा स्वयंपाक तिला येतच नसावा. भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी असे तीन डबे तिनं खिडकीतून आत ढकलले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे पडली-झडली तं मले सांगजा. हे सांगत नाही. लहानपणी चिंचेवरून पडली, तं म्हणे मी नाही पडली, चिंचच हालली." मी हो म्हटलं. वहीत लिहिलंसुद्धा. बस निघाली तेव्हा कप्तान पुढच्या सीटवरून आईकडे न बघता म्हणत होती की चिंच खरंच हालली होती.

पुसदला आमची सोय एका वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर होती. दोन दिवस, दोन्ही संध्याकाळी, मी खाली बसून तिच्या उजव्या गुडघ्याला मलम चोळलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि योग्य वेळी कण्हायची. "जरा वर, मॅडम. हं, तिथंच." खोलीचं दार उघडं असायचं, कारण तिला म्हणे वारा लागायचा. आम्ही सामने जिंकत गेलो. समोरच्या मुली दर वेळी तिच्या उजव्या पायावर झेप घ्यायच्या आणि ती तो पाय असा काही काढून घ्यायची की प्रेक्षक ओरडायचे. दुखऱ्या पायानं एवढं, तर चांगल्या पायानं काय करेल, असं मला एक अनोळखी बाई म्हणाल्या. मला फार अभिमान वाटला.

अंतिम सामन्याच्या सकाळी ती जिना उतरताना मी मागून पाहिलं. माझ्या आईचे गुडघे कित्येक वर्षं दुखतात. जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली जातो आणि सगळा भार चांगला पाय घेतो, हे मला कोणी शिकवायला नको. कप्तान दर पायरीला डावा पाय आधी टाकत होती. बँडेज उजव्याला होतं.

मी तिला परत वर बोलावलं, दार लावलं आणि बँडेज सोडायला सांगितलं. उजवा गुडघा नव्या स्टीलच्या वाटीसारखा गुळगुळीत निघाला. दोन दिवसांच्या मलमानं तर चकाकत होता. मग डाव्या पायाची ट्रॅकपँट वर केली. तिथे गुडघा नव्हताच, कवठ होतं.

"हे काय आहे?"

"त्याइले उजवा दुखते असं वाटलं पाह्यजे, मॅडम. मंग त्या उजवाच धरतात."

आपल्या मुलींना तरी हे माहीत आहे का, असं मी विचारलं. नव्हतं. सांगितलं असतं तर त्या काळजीनं डाव्याकडेच बघत बसल्या असत्या आणि समोरच्यांना कळलं असतं. सरांनाही माहीत नव्हतं, त्यांचं तोंड लपत नाही. आणि मी दोन दिवस जे मलम चोळलं ते?

"ते बी लागतच होतं ना. दुसऱ्या टीमची पोरगी दारातून पाहून राह्यली होती."

एसटीत राहिलेला कागद तिच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी, नीट घडी घालून ठेवलेला होता. कप्तान कागद हरवणाऱ्यातली नव्हती, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. लिगामेंट फाटलं आहे, खेळ पूर्ण बंद, ऑपरेशनसाठी या, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

साडेनऊला संघाची यादी माझ्या सहीनं द्यायची होती. मी म्हटलं, तुझं नाव येणार नाही. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर खाली बसली. तिचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे लोक फक्त अंतिम सामना बघायला येणार होते. त्या संघात गेली तर खेळाडूंच्या जागेवर पोलीस भरतीला उभी राहणार होती. घरी आईशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. हे सगळं तिनं रडून नाही, बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मी म्हटलं, अगं, भरतीला धावायचंय ते याच गुडघ्यानं ना?

"भरतीले चार महिने हायेत, मॅडम. फायनल आज हाये."

मी सरांकडे गेले. सरांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "कप्तान पाहून घेते." मग मी मला सुचलेला मधला मार्ग काढला. तिचं नाव यादीत बारावं टाकलं, राखीव. म्हणजे नाव राहतं, निवडणाऱ्यांना दिसतं आणि गुडघाही राहतो. सही करताना मला वाटलं की किती व्यवस्थित केलं आपण.

ती बाकावर बसली, पण बसली म्हणजे काय, सगळा सामना तिनंच खेळला. पाठीमागे हात बांधून बोटांनी खुणा करायची. दोन बोटं म्हणजे कोपऱ्यातली धरा, मूठ म्हणजे थांबा. शेजारी बसून मलाही त्या कळायला लागल्या. तरी शेवटी आम्ही तीन गुणांनी मागे पडलो. तीन मिनिटं उरली होती. सरांनी वेळ मागून घेतली. कप्ताननं ट्रॅकपँट काढून घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. उजव्या गुडघ्यावर बँडेज पुन्हा बांधलेलं होतं, डाव्यावर सगळ्या घालतात तशी साधी नी-कॅप. सरही माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलली याबद्दल सरांचं आणि माझं आजही एकमत नाही.

पहिल्या चढाईत एकीला हात लावून ती परत आली. दोन गुणांचा फरक राहिला. शेवटच्या चढाईला ती आत गेली तेव्हा समोरच्या तिघींनी ठरवून एकदम उजवा पाय धरला. तिला हवा होता तोच. बेत तंतोतंत जमला होता. फक्त एका गोष्टीचा विचार तिनं केला नव्हता, आणि सकाळी सगळं ऐकूनही मी केला नव्हता: चांगला पाय तिघींनी धरून ठेवला की मध्यरेषेपर्यंत जायला उरतो तो वाईटच.

ती त्या पायावर गेली. तिघी पोरींना ओढत, दम न सोडता, तीन हात गेली. मग तो आवाज पुन्हा आला. या वेळी चप्पल कोणी म्हटलं नाही. ती पुढे कोसळली, आणि कोसळताना तिची बोटं मध्यरेषेच्या पलीकडे पडली. तीन गुण. एका गुणानं आम्ही जिंकलो. मुली नाचत तिच्याकडे धावल्या आणि जवळ गेल्यावर थबकल्या. मी पोचले तेव्हा ती आडवी पडून, पांढऱ्याफटक तोंडानं सांगत होती, "काहीच नाही झालं."

विद्यापीठाच्या संघात तिचं नाव वाचलं गेलं, तेव्हा ती जीपमध्ये होती, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. त्या जागी दुसरी मुलगी गेली. ऑपरेशन झालं, पाय बराचसा सरळ झाला. चार महिन्यांनी पोलीस भरती आली तेव्हा कप्तान काठी घेऊन घरच्या अंगणात चालायला शिकत होती.

दवाखान्यात तिची आई मला म्हणाली, "तुम्ही सांगतलं नाही, मॅडम." रागानं नाही म्हणाली. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, हे मी तिला काय सांगणार? आई डबा धुवायला बाहेर गेली तेव्हा मी कप्तानला म्हटलं, त्या दिवशी मी तुला थांबवायला हवं होतं. ती पंख्याकडे बघत म्हणाली,

"थांबवलं असतं तं मी तुमच्याशी जन्मात बोलली नसती."

"न बोललीस तरी चाललं असतं."

"मले नसतं चाललं," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं. दुखतंय का, असं मी विचारलं. तिनं नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि म्हणाली, "हो. लय."

आता ती बोरीजवळच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. मानधनावर आहे, पण आहे. थोडी लंगडते, आणि कोणी विचारलं तर जमीनच वरखाली आहे म्हणते. गेल्या हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धा आमच्या मैदानावर झाल्या, तेव्हा ती बारा मुली घेऊन आली होती. त्यांचा उपांत्य सामना सुरू व्हायच्या आधी मी बघितलं, तर ती यादी हातात घेऊन सगळ्यांत उंच मुलीसमोर उभी होती. मुलगी हातवारे करून काहीतरी पटवत होती. कप्ताननं ऐकून घेतलं, पेन मागितलं आणि तिचं नाव खोडलं. बारावंसुद्धा ठेवलं नाही.

मग माझ्या शेजारी येऊन बसली. घोटा सुजलाय तिचा, म्हणाली, आणि तीच सगळ्यांत चांगली चढाई करते. मी म्हटलं, चार दिवस रागावेल, मग बोलेल.

"नाही मॅडम. हे माह्यासारखी हाये. हे नाही बोलणार."

तो सामना त्या हरल्या. फरक फार नव्हता; एक चांगली चढाई झाली असती तर जिंकल्या असत्या, हे मलाही आता कळतं. संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेले. कप्तान बसच्या दाराशी उभी राहून एकेक मुलगी मोजून आत सोडत होती. उंच मुलगी सगळ्यांत शेवटी आली. तोंड फिरवून, कप्तानला खांद्यानं बाजूला सारून, एकेक पायरी जपत पण स्वतःच्या पायांनी वर चढली. कप्तान तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती आत जाऊन बसेपर्यंत कप्तान फक्त तिचे पाय बघत होती.