अक्काच्या मेसेजवर लाल गोल

बत्तीस वर्षं सांगलीत मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल तर लाल पेनाची. खोटं कशाला सांगू? मुलंही आठवतात, पण चुकलेल्या शब्दाभोवती सर्रकन गोल ओढण्याची मजा काही औरच होती. घरी बसल्यावर हात नुसते शिवशिवायचे. त्यातच मुलानं नवा फोन आणून दिला. त्यात फोटोवर बोटानं रेघा मारायची सोय होती, आणि रंग निवडायला गेलं तर पहिलाच लाल. झालं, माझी शाळा परत भरली.

कॉलनीच्या ग्रुपवर टाकी धुणार असल्याची सूचना आली. सगळी कॉलनी पाणी भरायला धावली आणि मी सूचनेतल्या चुका काढत बसले. गोल मारलेला फोटो सगळ्यांसमोर टाकला. त्यानंतर सेक्रेटरींनी लिहिणंच सोडलं, ते तोंडी रेकॉर्ड करून पाठवायला लागले. मला वाटलं, चला, माणूस सुधारला. नवरा म्हणाला, "सुधारला नाही, घाबरला." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. राग माझ्या नाकावरच असतो, आणि शुद्धलेखनावरून कुणी काही बोललं तर मग विचारायलाच नको.

माझी थोरली बहीण पाटणच्या वरच्या अंगाला एका खेड्यात राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी जन्मले आणि तिची तिसरीतच शाळा सुटली, कारण आई रानात गेल्यावर मला कडेवर घेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही पुढचं सगळं मी केलं.

अक्काचा उशिरा झालेला एकुलता एक मुलगा फौजेत आहे. त्याची बदली पार वर बर्फात झाली, जिथं फोन लागत नाही. दोन-तीन दिवसांतून कधीतरी तासभर खाली यायला मिळतं, तेव्हा मेसेज तेवढे धडाधड येऊन पडतात. म्हणून जाण्याआधी त्यानं आईच्या फोनवर मराठी अक्षरं आणून दिली आणि आठवडाभर बसून तिला ती दाबायला शिकवली. "आई, तू लिव. मी खाली आलो की वाचतो." आणि अक्का लिहायला लागली. संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की पायरीवर बसायची आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधायची. चार ओळींना अर्धा तास. ती ते घरच्या ग्रुपवरच टाकायची, कारण तिला तेवढंच उघडता येत होतं. त्यामुळे आम्हा वीसेक जणांना ते वाचायला मिळायचं.

एके दिवशी तिनं लिहिलं, "म्हस येली. रेडी झालीया. तुज्या वाटचा खरवस फिरीज मदी ठिवलाय. यीस्तवर कुणाला हात लावु दीत न्हाई."

मी दुपारच्या चहाला बसले होते. काय अंगात आलं देव जाणे. मेसेजचा फोटो काढला, बारा गोल मारले, खाली लिहिलं, "बारा चुका. रोज पाच ओळी शुद्धलेखन लिहावे," आणि दिला ग्रुपवर टाकून. भाचरांनी हसण्याची चित्रं टाकली. मलाही हसू आलं. अक्काचं काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, बाई सराव करत असणार.

पंधरा दिवसांनी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. भाचा होता, मागं वारा नुसता घोंघावत होता. "मावशी, आईला बरं न्हाई का? खरं सांगा. मी काही घाबरत न्हाई."

"बरी आहे की. का रे?"

"लिवत न्हाई ती. नुसतं हात जोडती. एकदा लाइन मिळाली तवा घरात फोन केला, तर म्हणती, डोळं दुखत्यात. बायकोबी तेच सांगती. मावशी, माझ्यापासनं काय लपवताय का?"

त्यानं तो फोटो पाहिला होता की नव्हता, मला आजवर माहीत नाही. तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. एवढ्या लांब, बर्फात बसून तो आईला काय झालं असेल याचा घोर लावून घेत होता, आणि ते सगळं माझ्या बोटानं केलं होतं. मी म्हटलं, "मी उद्या जाते आणि बघते." लाइन तुटली.

अक्काला फोन करून माफी मागायची माझी छाती झाली नाही. सरळ एसटी पकडली, कराडला बदलली आणि दुपारी पाटण गाठलं. वाटेत मी मोठं भाषण तयार केलं होतं. तिथून जीपनं वर गावात, अक्काच्या घरी पोचले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "समदी लावणीला गेल्याती." मग तशीच रानात गेले.

भाताची लावणी चालली होती. अक्का, तिची सून आणि गावातल्या चार बायका चिखलात वाकून रोपं लावत मागं मागं सरकत होत्या. सून जतकडची, ज्वारीच्या कोरड्या रानात वाढलेली. लग्नाला वर्षच झालेलं, भाताच्या चिखलात पहिल्यांदाच उतरलेली. तिनं लावलेली निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. मी बांधावर उभी राहून मनात म्हटलं, अरे देवा, ही काय लावणी आहे? सून चहा आणायला घरी गेली, तशी अक्का मुकाट्यानं तिच्या ओळीत शिरली. तरंगणारं एकेक रोप उचलून अंगठ्यानं चिखलात दाबत पार टोकापर्यंत गेली.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसते होय? म्हटलं, "अगं, तिला सांगत का नाहीस? अशानं ती जन्मात शिकायची नाही."

अक्कानं मान वर केली नाही. "सांगिटलं की हात आखडतोय गं. आखडल्या हातानं लावल्यालं जास्तच वर येतंय. चार दिस जाऊ दे, बोटाला आपसूक कळतंय." मग पुढचं रोप दाबत म्हणाली, "तुज्याबी मागनं मी हुतेच की."

"माझ्या मागनं?"

"व्हय. तू दहा वर्सांची आसशील. समदी तरंगत हुती तुजी."

दहा वर्षांची असताना मी पहिल्यांदा लावणी केली, त्या संध्याकाळी आमच्या वडिलांनी, आबांनी, सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं होतं. "धाकटीचं बघा, एक रोप हाललं न्हाई!" ही गोष्ट मी बत्तीस वर्षं दरसालच्या नव्या वर्गाला सांगत आले. मनापासून केलेलं काम कसं नीट होतं, याचा दाखला म्हणून! आणि आबांनी कौतुक केलं तेव्हा अक्का शेजारीच उभी होती, चिखलानं कोपरापर्यंत भरलेली. चकार शब्द बोलली नव्हती.

लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. एसटीतलं भाषण कुठल्या कुठं गेलं. साडी खोचली आणि चिखलात उतरले, आणि तिसऱ्याच पावलाला धपकन आडवी झाले. बायका खो खो हसायला लागल्या. अक्का मला ओढून उठवायला आली, तेव्हा तिच्या गळ्यात पडून मी म्हटलं, "अक्का, माझं चुकलं गं. तो फोटो मी टाकायला नको होता."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला येत न्हाईच लिवाय. पोरं हासली तर काय चुकलं त्येंचं?" पण हे बोलताना ती माझ्याकडं न बघता माझ्या साडीचा चिखल निपटत होती.

संध्याकाळी अंघोळ करून आम्ही पायरीवर बसलो. तिनं फोन माझ्या हातात दिला. "आज त्यो खाली याचा दीस हाय. तूच लिव माज्या नावानं, म्हंजी नीट हुईल." मी नको नको म्हणत होते, पण ती ऐकेना. शेवटी मी लिहिलं, "येथे आम्ही सर्व जण सुखरूप आहोत. भाताची लावणी सुरू झाली आहे. तू प्रकृतीची काळजी घ्यावीस." वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, "लय ग्वाड लिवलंस," आणि पदरानं चष्मा पुसला. मी ते पाठवून दिलं.

दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. "मावशी, तुमी पाटणला आलाय व्हय? आई कुठाय? तिला का लिवता येईना? काय झालंय तिला?"

मी ते मोठ्यानं वाचलं. अक्का आधी हसली, मग तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. "आगं बया, त्यो घाबरला की!" म्हणाली, आणि बोट एकेक अक्षरावरून फिरायला लागलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तो तासाभरात परत वर जाणार होता. एक अक्षर सापडेना म्हणून ती पुटपुटत होती, तरी मी वाकून पाहिलं नाही.

शेवटी तिनं फोन माझ्यापुढं धरला. "बघ गं, बरुबर हाय का. न्हाईतर परत समदी हासतील."

मी वाचलं. "मी बरी हाय रं. डोळं बी बरं हायती. मावशीला वाईच काळजी लागलीवती मनुन आली. चिकलात पडली. समद्या लय हासलो. तु ये. तुजी आई."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पाठव अक्का, लवकर पाठव. तो थांबलाय."