पट्टा थांबल्यावर

जांभळाच्या बियांच्या अर्काची बाटली उघडली की तो तुरट, लाकडासारखा वास मला कळंब्याच्या तलावावर घेऊन जातो. मधुमेही उंदरांना हा अर्क आणि व्यायाम एकत्र दिल्यास साखर किती आटोक्यात राहते, याचा अभ्यास मी तेव्हा कोल्हापुरात करत होते. घरी आईचीही साखर वाढलेली होती. औषधे ती निमूट घ्यायची, चालायला मात्र तयार नव्हती. "उंदरं पळत्यात म्हणून मी बी पळू व्हय?" शेवटी मी प्रयोगशाळेतलीच पद्धत वापरली. उंदराला पहिल्या दिवशी पळवत नाहीत. भीती जावी म्हणून धावण्याच्या यंत्राच्या बंद पट्ट्यावर नुसते ठेवतात. तसेच आईला साडीवर नवे बूट घालायला लावून तलावाच्या बांधावर नुसते उभे केले. म्हशी पाण्यातून निथळत वर येत होत्या. "लोकं बगत्यात, चल की आता," म्हणत माझे मनगट धरून तीच चालू लागली, ती थेट बांधाच्या टोकापर्यंत. तिथे धापा टाकत तिने विचारले, "पळून झाल्यावर उंदराला काय देतासा गं?" "काही नाही. परत पिंजऱ्यात." "मग मी न्हाय जात लगेच घरात. बस की जरा." पलीकडे दिवे लागेपर्यंत आम्ही बसून राहिलो. आता मी दूरच्या शहरात संशोधन करते. आई रोज फिरते आणि फोनवर सांगते, "बसले न्हाय आज. एकटीनं काय बसायचं?" पट्टा थांबला की मी उंदराला लगेच पिंजऱ्यात सोडत नाही, थोडा वेळ ओंजळीत बसू देते.