निपाणीत दोन तासांत बांधलेली बॅटरी

आक्काने फोनवर आधी माझीच खुशाली विचारली. मग म्हणाली, "विनू, तुझी गाडी ऱ्हायली न्हाय रं. बॅटरी पेटली. लूमवरची साडी गेली, बीमवर गुंडाळलेलं सूत गेलं. माणसं बरी हायत." आक्का माझी मावसबहीण. बेळगावच्या वडगावात ती आणि दाजी पॉवरलूमवर साड्या विणतात. ती इलेक्ट्रिक स्कूटर माझी जुनी, मीच तिला गेल्या वर्षी दिली होती. शुक्रवारी सकाळी मी कोल्हापुरातून कार काढली.

अंतर एकशेदहा किलोमीटरच्या आसपास. एरवी दोन तास पुरतात. सध्या रुंदीकरणाच्या कामामुळे तीन धरून निघा. कोगनोळीच्या नाक्याआधी फास्टॅग तपासा. पुढे पाट्यांची लिपी बदलते, लोकांचं बोलणं तेच राहतं. आभाळ भरून आलं होतं, वळणरस्त्यांवर नुसती धूळ.

निपाणीला थांबलो. गेल्या वर्षी स्कूटर टेम्पोत घालून नेताना, मूळ बॅटरी संपलेली म्हणून, इथल्या एका दुकानात दुसरी बांधून घेतली होती. कंपनीच्या निम्म्या किमतीत, दोन तासांत. तेवढ्यात मी समोर मिसळ खाल्ली आणि माणूस कामाला चलाख मिळाला म्हणून खूशही झालो.

दुकानदार तोच होता. "या अण्णा! चाललीय न्हवं गाडी?"

"पेटली."

त्याने हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. "चार्जर दुसरा लावला असंल."

"तुम्हीच दिलेला होता."

"मग पाणी गेलं असंल बघा. लई ठिकाणी तसंच हुतंय." एवढं बोलून तो गिऱ्हाइकाकडे वळला. मिसळीचं हॉटेल अजून आहे, चव बरी आहे. या वेळी मिसळ मला गेली नाही.

वडगावच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट असतो. आक्काच्या घरापाशी तो तुटला होता. आतली भिंत छतापर्यंत काळी, लूमच्या लाकडाला जळका वास. बॅटरी दाराबाहेर वाळूच्या बादलीत पुरून ठेवलेली.

"माझंच चुकलं रं," आक्का म्हणाली. "खंडेनवमीला लूमला नारळ फोडला, गाडीला फोडला. मग सीट उचलून बॅटरीला हळदीकुंकू लावलं अन् नारळाचं पाणी शिंपडलं."

"मी म्हणालतो, बॅटरीला कशाला?" दाजी म्हणाले. "तर म्हणे, गाडीचा जीव त्यातच हाय."

पूजेनंतर आठवड्याभराने, सकाळी गाडी लूमशेजारी चार्जिंगला लावलेली असताना बॅटरी पेटली. गल्लीतल्या बायका आता आक्काला 'नारळवाली' म्हणतात. ती पाण्यालाही बाहेर पडत नाही. खरं सांगतो, पूजेचं ऐकून मला आधी हायसं वाटलं.

मुक्काम बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका साध्या लॉजवर केला. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. तिथून शहराबाहेरच्या मच्छे गावातल्या एका बॅटरी कारखान्यात तपासणीचं काम पाहणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्या खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या, ओळखीतून नंबर मिळाला होता. "कारमध्ये घालून आणू नका," त्यांनी बजावलं. "उघड्या टेम्पोत, वाळूसकट."

शनिवारी कारखान्याच्या मागच्या अंगणात हातमोजे घालून त्यांनी बॅटरी उकलली. झाकणाजवळचे सेल जवळजवळ शाबूत होते. नारळाचं पाणी तिथेच वाळून पांढरा डाग राहिला होता. जळलं होतं खालच्या कोपऱ्यात.

"हे बघा." त्यांनी एका सेलचं निळं आवरण सोललं. टोकाला वेल्डिंगच्या खुणांच्या दोन जोड्या होत्या. "एक या बॅटरीची, एक आधीच्या कुठल्यातरी बॅटरीची. जुने सेल, वरून नवं आवरण. उष्णता मोजायची वायर तर सेलना चिकटवलेलीच न्हाय."

"म्हणजे पाण्याने नाही?"

"शंभर टक्के कुणीच सांगणार न्हाय. पण पाणी तिथं पोचलेलं दिसत न्हाय."

मग त्यांनी कारखान्यातली मांडणी दाखवली. नंबर घातलेले सेल रॅकवर नुसते ठेवलेले. मोजून ठेवायचे, काही दिवसांनी पुन्हा मोजायचे; ज्याचा व्होल्टेज आपोआप उतरला तो बाद. "ह्या कामाला हुशारी कमी लागते," त्या म्हणाल्या. "थांबावं लागतंय."

मी दोन तास थांबलो होतो.

दुपारी आक्काला सगळं सांगितलं. 

"तुला म्हाईत हुतं, जुनं हाय म्हणून?"

"विचारलं नव्हतं."

"मग ऊठ. गल्लीत सांग. माझ्यासमोर सांग."

चार घरी गेलो. बॅटरी मी आणली, स्वस्त म्हणून आणली, आक्काच्या पूजेने काही झालं नाही, असं प्रत्येक दारात सांगितलं. सगळ्यांनी व्हय व्हय म्हटलं, एका घरी चहा दिला. आक्का पदर घट्ट धरून मागे उभी होती. शेवटच्या दारातून वळलो आणि मागून आवाज आला, "भाऊच हाय न्हवं. बहिणीवर पांघरूण घालणारच."

आक्कानेही ते ऐकलं. घरी येऊन तिने बादलीतली उरलेली वाळू गटारीकडेला ओतली आणि दार लावून घेतलं.

तुम्ही या बाजूला इलेक्ट्रिक गाडीने जाणार असाल तर जरूर जा. बॅटरी बांधून घ्यायची वेळ आली, तर सेल कुठले, किती दिवस तपासले, हे आधी विचारा. उत्तर लगेच आलं तरी घाई करू नका. लूमच्या दुरुस्तीचं मी बघतोय, ते होईल. गल्लीला दुसऱ्यांदा काय सांगायचं, ते कोल्हापुरात येऊनही मला सुचलेलं नाही.