पडदेवालीचा नाचरा पडदा

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणायचे. खाली दुकान, वर राहायची खोली आणि मधे कुरकुरणारा जिना. थोरली बहीण, अक्का, कापड बेतायची, ही शिवायची, आणि दोघी मिळून गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्या नकला करायच्या. झकास चाललं होतं.

मग अक्काचा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. वरची खिडकी मावळतीकडची. दुपार कलली की ऊन थेट अक्काच्या उशीवर. ती काठीने जमीन ठोकायची, ठक् ठक्! पडदेवाली मशीन सोडून जिना चढायची, पडदा ओढायची, धापा टाकत उतरायची. तेवढ्यात ढग यायचा. ठक् ठक्! "अगं, काळोख झाला, उघड!"

"पडदेवालीच्या घरात पडदा ओढायला माणूस नाही," एक दिवस अक्का म्हणाली. "माझ्यापायी तुझं शिवण रखडतंय. मी लेकाकडे जाते. रविवारी येतोय तो न्यायला."

पडदेवाली "बरं" म्हणाली, खाली आली आणि तिने एक अख्खा पडदा उलटा शिवला. उसवला. परत उलटाच शिवला. मग मशीनवर झाकण टाकून ती समोरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याचा आवाज स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा, म्हणून तो खरखर.

"पडदा आपोआप ओढायचाय ना? सोप्पंय!" खरखर खरखरला. "हा मसूरडाळीएवढा डोळा बघा. उजेडात वीज जाऊ देतो, अंधारात अडवतो. डोळ्याने वीज सोडली की हा तीन पायांचा ट्रान्झिस्टर जागा होतो. तो रिलेला, म्हणजे ह्या विजेच्या खटक्याला, ढोसतो. रिले टक् करून मोटरला म्हणतो, चल गं बाई, पडदा लाव! उजेड गेला की परत टक्. चल गं बाई, उलटी फीर, उघड!"

"मोटर बाई कशी हो?"

"सारखी कामं सांगतात म्हणून. आणि हा डायोड रिलेला उलटा जोडा. विसरलात तर रिले सुटताना असा झटका देईल की ट्रान्झिस्टर जागीच गचकेल. मग रडत यायचं नाही."

मोडक्या खेळण्यातल्या क्रेनची मोटर मिळाली. दिसायला किडकिडीत, पण दमदार. दोरी फिरवायला दोऱ्याची रिकामी रिळं होतीच. पडद्याच्या दांडीच्या दोन्ही टोकांना छोटी बटणं: पडदा पोचला की मोटर गप्प. तारांना कथलाचा डाग देताना पडदेवाली स्वतःलाच बजावत होती, "आधी कच्चा टाका, मग पक्का." कापायच्या टेबलावर तिने डोळ्यावर टॉर्च मारला. टक्! रीळ गर्रकन फिरलं. ती अशी किंचाळली की दारातल्या बाईने विचारलं, "सुई घुसली का?"

"नाही हो, उजेड पडला!"

शनिवारी रात्री अक्का झोपल्यावर तिने सगळं हळूच वरच्या खिडकीला बसवलं. रविवारी भाचा आला. तो घरातही फोनवर असल्यासारखं बोलायचा. "आई, झालं ना? मावशी, बेसिकली काय आहे, आमच्याकडे लिफ्ट आहे, आराम आहे, सगळं आहे."

"हो रे. पण जरा थांब. ऊन येऊ दे."

"ऊन येऊ दे?" भाच्याने आईकडे पाहिलं. आईने 'मला काय माहीत' असा ओठ काढला.

ऊन उशीवर आलं. टक्! पडदा ऐटीत सरकला आणि त्याने खिडकी झाकली. अक्काचा आ वासला. पडदेवालीने कमरेवर हात ठेवले. तोच, टक्! पडदा सरसर उघडला. टक्! लागला. टक्! उघडला.

"मावशी, हा असाच असतो का?"

"गप रे!"

पडदा आता नाचायलाच लागला. भाचा धरायला धावला आणि त्यातच गुरफटला, आतून आवाज येत होता, "बेसिकली, मला दिसत नाहीये!" खाली रस्त्यावर पोरं टाळ्या पिटू लागली. खरखर दुकानातून ओरडला, "डोळ्याची नजर कमी करायचा तो बारका स्क्रू पिळा! पिळा!" पडदेवालीने पिळला. काही फरक नाही. तिचा चेहरा पडला. एवढं करून अक्का जाणारच.

अक्का मात्र पलंगावर हसून हसून आडवी झाली होती. अचानक ती थांबली. "अगं ए, डोळा कुठे लावलायस?"

"उशीच्या कडेला, तुझ्या गालापाशी. ऊन तिथेच लागतं ना तुला? माप अंगावरच घेतात."

"वेडाबाई! पडदा लागला की उशीवर काळोख. ह्याला वाटतं रात्र झाली. उघडतो. परत ऊन, परत टक्! डोळा काचेला लाव, पडद्याच्या पलीकडे!"

भाच्याने पडद्यातून डोकं काढलं, स्टुलावर चढून डोळा काचेला चिकटवला, त्या डोळ्याचं तोंड बाहेर करून. टक्. पडदा लागला. तिघांनी पडद्यावर नजर रोखली. पडदा हलला नाही. खाली पोरं निराश होऊन पांगली.

"बाळा," अक्का लेकाला म्हणाली, "हे यंत्र हिने केलंय. म्हणजे बिघडणार. ह्याला जिना चढून येणारी नको, शेजारी बसून चुका काढणारी हवी. मी येत नाही."

"अगं पण आई, तुझा खांदा..."

"हात वर जात नाही. टेबलावर तर चालतो ना? तू ते खालचं कापायचं टेबल वर आण. आणि तू गं, बघतेस काय माझ्या तोंडाकडे? कापड आण, बेतायचंय!"

पडदेवाली दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली आणि हाताला लागला तो अख्खा तागा खांद्यावर टाकून वर आली. मागून भाचा टेबलासकट जिन्यात अडकला होता.