कांद्याच्या बराखीतलं वल्हं

आमच्या बोरी बुद्रुकच्या मातीतच नौकानयन आहे, असं सत्काराच्या दिवशी पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं. आमच्या मातीत ऊस असतो आणि कांदा असतो. कुकडी नदीत आम्ही म्हशी धुतल्या. शर्यतीची होडी कुणी पाहिलीही नव्हती.

सत्कार माझ्या शेजाऱ्याचा, शाळेपासूनच्या दोस्ताचा होता. सीमेवरच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या मांडीत घुसला. पाय वाचला, पळणं संपलं. आता निवृत्तीपर्यंत फौजेच्या कोठारात ब्लँकेटं मोजायची, असं जवळजवळ ठरलं होतं. पण लष्करी इस्पितळात पायाच्या व्यायामासाठी त्याला वल्हवण्याच्या यंत्रावर बसवलं आणि तिथे आलेल्या फौजेच्या नौकानयन संघाच्या प्रशिक्षकाने त्याला हेरलं. चाचणीत पाय टिकला तर संघात, नाहीतर कोठारात.

चाचणीआधी तो सुट्टीवर आला. कांदा विकून साठवणीची बराख रिकामी झाली होती. तिच्या खांबाला त्याने ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या, पाटाला चाकं ठोकली आणि त्यावर बसून रोज सकाळी ओढू लागला. बैलगाड्यांचे शौकीन असलेले शेजारचे नाना बघायला येत.

"लई वढतोय, पण हाय तिथंच हाय," नाना म्हणाले. "आन् त्वांड मागं का?"

"होडीत असंच बसत्यात, नाना."

"मंग म्होरचं कसं दिसायचं?"

"न्हाई दिसत. मागं ऱ्हायलेली दिसत्यात. त्येवढं बास व्हतं."

"फौजी पाठ दावत न्हाई, आसं ऐकलं व्हतं राव."

तो हसला आणि पुन्हा ओढू लागला. वल्हवताना हात दिसतात, पण जोर पायांचा असतो. मांडी थरथरायला लागली की तो थांबायचा, तळव्याने ती दाबून धरायचा आणि परत सुरू करायचा. शौर्यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत हे कधी आलं नाही.

चाचणीत पाय टिकला. पुढे राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम शर्यत आम्ही वाण्याच्या दुकानाबाहेर एका मोबाईलवर पाहिली. निम्मी शर्यत अडकली, शेवट दिसला.

"समदी उलटीच पोचली," नाना म्हणाले, "पण आपला पयला."

कोठाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

सत्काराला भाषणं बरीच झाली. खुर्च्या पाहुण्यांनाच पुरल्या, त्यामुळे तो सगळा वेळ त्याच पायावर उभा होता. शेवटी गावातर्फे शाल, श्रीफळ आणि एक भलीमोठी ढाल देण्यात आली. ढाल यात्रेतल्या शर्यतीची उरलेली होती. तिच्यावर बैलगाडा आहे.